तांड्याच्या नायकाचा मुलगा मुख्यमंत्री झाला आणि दुष्काळात त्यानं ५० लाख लोकांना कामावर उभं केलं

महिनाअखेरीला सॅलरी स्लिप येते. पीएफ, टीडीएस यांच्या रांगेत एक छोटीशी ओळ असते, प्रोफेशनल टॅक्स. २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. रक्कम इतकी किरकोळ की ती कशासाठी कापली जाते हे कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात हा कर १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. त्यामागचा विचार साधा होता. खेड्यात जो कुणी हाताला काम मागेल त्याला सरकारनं काम द्यायचं, आणि त्या खर्चातला काही वाटा शहरातल्या नोकरदारानं, व्यावसायिकानं उचलायचा. योजनेचं नाव होतं रोजगार हमी योजना.

ही कल्पना मांडणारे होते वि. स. पागे. आणि त्या कल्पनेला सरकारी यंत्रणेत जागा करून देणारे मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक.

आज कुठल्याही ऑफिसात एक प्रश्न हमखास चर्चेत असतो. टीम कामावर लक्ष कसं ठेवेल? लोक दिवसभर बिझी दिसतात, पण हाताशी काही येत का नाही? त्यासाठी मीटिंग होतात, ॲप घेतली जातात, टार्गेट लावली जातात. वसंतरावांच्या पुढं हाच प्रश्न होता, फक्त त्यांची टीम म्हणजे एक अख्खं राज्य होतं. पाऊस नव्हता, धान्य नव्हतं आणि एका टप्प्यावर तब्बल ५० लाख लोक सरकारी कामावर हजेरी लावत होते.

एवढी माणसं कामाला लावणाऱ्या या माणसाची गोष्ट सुरू होते वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीच्या परिसरात.

तांडा म्हणजे नेमकं काय होतं?

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथंच आहे. रामनवमीला देशभरातून बंजारा भाविक इथं येतात. पोहरादेवीच्या आसपास यवतमाळ आणि वाशिम जिल्ह्यांच्या हद्दीवर गावोगावी तांडे आहेत. त्यातलाच एक तांडा म्हणजे पुसद तालुक्यातलं गहुली.

आज तांडा म्हटलं की गावाबाहेरची वस्ती डोळ्यापुढं येते. पण रेल्वे येण्याआधीचा तांडा ही वेगळीच चीज होती. ती चालती-फिरती वाहतूक कंपनीच होती म्हणा ना. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, डाळी लादायच्या आणि शेकडो मैल दूर न्यायच्या. १६३२ मध्ये पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला वाटेत एक तांडा दिसला होता. त्यात धान्यानं लादलेले १४ हजार बैल असल्याची नोंद त्यानं करून ठेवली आहे. मुघलांच्या फौजा असोत, निजामाच्या असोत की पुढं इंग्रजांच्या, दख्खनमध्ये फौजेचं पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर चालायचं.

आता विचार करा. हजारो जनावरं, शेकडो कुटुंबं, लहान पोरं, म्हातारी माणसं, वाटेत नद्या, जंगलं, लुटारू. ना नकाशा, ना फोन. तरी माल ठरलेल्या ठिकाणी पोचायचा. हे कसं जमत होतं?

त्याचं उत्तर तांड्याच्या रचनेत होतं. तांड्याला एक नायक असायचा. कुठल्या वाटेनं जायचं, मुक्काम कुठं टाकायचा, व्यापाऱ्याशी काय बोली करायची, हे तो ठरवायचा. त्याच्या मदतीला कारभारी असायचा. भांडणतंटा झाला तर जाणत्या माणसांची पंचायत, म्हणजे नसाब, बसायची आणि निवाडा करायची. बैल मात्र ज्याचे त्याचे. आपल्या बैलांची, आपल्या गोणींची काळजी प्रत्येक कुटुंब स्वतः घ्यायचं. दिशा एकानं ठरवायची, ओझं प्रत्येकानं आपापलं सांभाळायचं आणि वाद साठू द्यायचे नाहीत, असा सगळा कारभार.

पुढं इंग्रजांनी पक्के रस्ते केले, १८५३ मध्ये रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार हळूहळू बसला. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. देशाच्या अनेक भागांत बंजारा समाजावरही गुन्हेगार म्हणून शिक्का बसला. ज्यांच्या भरवशावर फौजा जेवल्या त्यांनाच पोलिसांकडं हजेरी देण्याची वेळ आली. तांडे जागोजागी थांबले आणि मिळेल त्या जमिनीवर शेती करू लागले.

गहुली अशीच वसली. चतुरसिंग नाईक यांनी ती वसवली. त्यांचा मुलगा फुलसिंग तांड्याचा नायक झाला. या फुलसिंग आणि होनूबाई यांच्या पोटी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला.

शाळेसाठी गावोगाव

गहुलीत शिकण्याची सोय नव्हती. त्यामुळं वसंतरावांचं सुरुवातीचं शिक्षण आसपासच्या गावांत तुकड्या-तुकड्यांनी झालं. त्या गावांमध्ये पोहरादेवी, उमरी, बान्सी यांची नावं घेतली जातात. पुढं अमरावती, मग नागपूर. नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून मॅट्रिक, मॉरिस कॉलेजातून पदवी आणि १९४० मध्ये वकिली.

तांड्यावरचा मुलगा वकील होणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. वसंतरावांनी अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली वकिलीचे धडे घेतले आणि नंतर पुसदला स्वतःची वकिली सुरू केली. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा. दोन्ही बाजूंनी नाराजी होती. पण लग्न झालं आणि वत्सलाबाई पुसदला येऊन त्या घरात, त्या समाजात मिसळून गेल्या.

पुसदच्या कोर्टात येणारी बहुतेक माणसं शेतकरी. सावकाराचं कर्ज, जमिनीची भांडणं, कुळाचे वाद. कागदावर अंगठा उठवणारा माणूस कोर्टात कसा हरतो हे वसंतराव रोज बघत होते. लवकरच ते पुसदच्या कृषी मंडळात काम करू लागले, वसतिगृह चालवू लागले. १९४६ मध्ये ते काँग्रेसमध्ये आले आणि पुसद नगरपालिकेचे अध्यक्षही झाले.

नगरपालिका म्हणजे राजकारणातली सगळ्यात कठीण शाळा. तिथं भाषणानं भागत नाही. नळाला पाणी आलं की नाही, गटार साफ झालं की नाही, हे लोकांना रोज सकाळी दिसतं. वसंतरावांची राजकारणातली सुरुवात अशा जागेवरून झाली.

१९५२ ची पहिली निवडणूक आली. तेव्हा विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता. वसंतराव पुसदमधून आमदार झाले आणि रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. योगायोग बघा. गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द झाला तो याच वर्षी, १९५२ मध्ये.

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. वसंतराव आधी सहकारमंत्री, मग कृषिमंत्री झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि यशवंतराव चव्हाणांनी त्यांच्याकडं महसूल खातं दिलं.

मुंबईत बसून गडचिरोलीतला बंधारा कोण बघणार?

नवं राज्य झालं तेव्हा मोठा प्रश्न होता कारभाराचा. गावची शाळा, दवाखाना, रस्ता, लहानसा बंधारा, सगळ्याचे निर्णय वर व्हायचे. फाईल गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून मुंबईला. ती परत येईपर्यंत पावसाळा निघून जायचा. गावातल्या माणसाला काम काय करायचं हे माहीत असायचं, पण करण्याचा अधिकार नसायचा. ज्याच्याकडं अधिकार असायचा त्यानं ते गाव बघितलेलं नसायचं.

यावर उपाय शोधायला सरकारनं १९६० मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महसूलमंत्री वसंतराव नाईक. म्हणूनच आजही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ती नाईक समिती म्हणून शिकवली जाते. १९६१ मध्ये समितीनं अहवाल दिला. त्यात २२६ शिफारशी होत्या.

त्याआधी १९५७ मध्ये केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीनं सगळ्यात जास्त भर तालुका पातळीवर दिला होता. नाईक समितीनं मात्र जिल्ह्याला बळ दिलं. कारण व्यावहारिक होतं. तालुक्याला स्वतःचे इंजिनिअर, शेती अधिकारी, डॉक्टर आणि पुरेसा पैसा परवडणार नाही. जिल्ह्याला परवडेल. शिवाय जिल्हा एवढाही मोठा नाही की अध्यक्षाला गावं माहीत नसतील.

समितीचा दुसरा मुद्दाही महत्त्वाचा होता. निर्णय लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी घ्यायचे आणि ते अमलात आणायला एक जबाबदार अधिकारी असायचा. त्यातून जिल्हा परिषदेचं मुख्य कार्यकारी अधिकारी हे पद आलं, ज्याला आपण आज सीईओ म्हणतो. कुणी काय ठरवायचं आणि कुणी काय करायचं याची वाटणी कागदावर पक्की झाली.

१९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. जुन्या तांड्यातला कारभार आठवा. दिशा एका जागी ठरते, पण गोणी ज्याची तो सांभाळतो. त्यातला धागा इथं दिसतो.

ही रचना दहा वर्षांनी दुष्काळात किती उपयोगी पडणार आहे, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

भरसभेत स्वतःच्या गळ्याभोवती लावून घेतलेलं टार्गेट

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं पदावर असतानाच निधन झालं. काही दिवस बाळासाहेब सावंतांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईकांनी शपथ घेतली.

राज्यातल्या राजकारणावर मराठा नेतृत्वाची पकड होती. पश्चिम महाराष्ट्रातले साखर कारखानदार, सहकारातले दिग्गज, मंत्रिमंडळात स्वतःचं वजन असलेले बाळासाहेब देसाई, शंकरराव चव्हाण यांच्यासारखे नेते. त्यात विदर्भातल्या एका छोट्या समाजातला, पाइप ओढणारा, शांतपणे बोलणारा वकील मुख्यमंत्री. हा गडी फार दिवस टिकणार नाही असं अनेकांना वाटलं. पण तो सलग ११ वर्षांहून जास्त काळ टिकला. एवढा सलग काळ महाराष्ट्रात दुसरा कुणी मुख्यमंत्री राहिलेला नाही.

टिकण्यामागं दिल्लीत गेलेल्या यशवंतरावांचा पाठिंबा होता, हे खरं. पण सहकाऱ्यांना आपापल्या खात्यात काम करू देणं हेही एक कारण होतं. पाटबंधारे खातं शंकरराव चव्हाणांकडं होतं. जायकवाडीसारखी मोठी धरणं त्यांच्या नावानं ओळखली जातात. वसंतरावांनी त्या कामांवर स्वतःचं नाव लावायची घाई केली नाही. त्यांचा जीव अडकला होता एका गोष्टीत, आणि ती म्हणजे शेती.

तेव्हाची परिस्थितीही तशीच होती. अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर देश जेवत होता. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं, पाऊसही दगा देऊन गेला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री लोकांना आठवड्यातून एक वेळ उपास करायला सांगत होते. रेशनच्या दुकानापुढं रांगा लागत होत्या.

याच काळात पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या सभेत वसंतरावांनी एक घोषणा केली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही, तर आपल्याला जाहीरपणे फासावर द्या, असा तिचा आशय होता. ती आजही सांगितली जाते.

राजकारण्यांच्या घोषणा ढिगानं असतात. या घोषणेचा वेगळेपणा असा की तिच्यामुळं सगळ्या सरकारी यंत्रणेला एकाच वाक्यात कळलं की या सरकारला सगळ्यात आधी काय हवंय. ग्रामसेवकापासून सचिवापर्यंत प्रत्येकाला आपल्या कामाचं मोजमाप कळलं. माझ्या गावात, माझ्या तालुक्यात धान्य वाढलं का? बस्स. दहा टार्गेट दिली की माणूस सोपं तेवढं करतो. एक दिलं की पळवाट राहत नाही.

त्यानंतर त्या एका गोष्टीभोवती कामं सुरू झाली. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचं सीएसएच-१ हे वाण आलं होतं. ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्यासाठी प्रात्यक्षिकं झाली, बियाणं, खतं, विहिरी, विजेचे पंप यांच्या मागं यंत्रणा लागली. हायब्रीड हा शब्द तेव्हा गावागावात पोचला. इतका, की पुढं नाजूक पोराला चिडवायलाही लोक हायब्रीड म्हणू लागले.

शेतकऱ्याला प्रश्न पडला तर त्यानं कुणाला विचारायचं? त्यासाठी संशोधन जवळ हवं. १९६८ मध्ये राहुरीचं कृषी विद्यापीठ, १९६९ मध्ये अकोल्याचं आणि १९७२ मध्ये परभणी आणि दापोलीचं. कापसाचा विदर्भ, ज्वारीचा मराठवाडा, भाताचं कोकण आणि उसाचा पश्चिम महाराष्ट्र यांचे प्रश्न एकसारखे नाहीत, म्हणून विद्यापीठंही वेगवेगळी. अकोल्याच्या विद्यापीठाला नाव मिळालं ते पंजाबराव देशमुखांचं, म्हणजे ज्यांच्याकडं वसंतराव वकिली शिकले त्यांचं.

दोन वर्षांत महाराष्ट्र स्वयंपूर्ण झाला का? खरं सांगायचं तर नाही. पावसावर अवलंबून असलेली शेती एका घोषणेनं बदलत नाही. राज्य पुढंही धान्याच्या तुटीतच राहिलं. पण शेती खात्याची दिशा मात्र बदलली होती. आणि मग आला तो दुष्काळ, ज्यानं सगळ्याचीच परीक्षा घेतली.

बहात्तरचा दुष्काळ

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारा. मिलो नावाची लाल ज्वारी, सुकडी आणि खडी फोडायचं काम. हे तीन शब्द ऐकायला मिळतीलच.

१९७० पासून पाऊस कमी होत होता. १९७२ ला तो जवळपास आलाच नाही. विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मेली, बाजारात धान्य महाग झालं. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शेतात काम नाही, म्हणून मजुरी नाही आणि मजुरी नाही म्हणून दुकानात धान्य असलं तरी विकत घेता येत नाही.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग, विहिरी, कालवे. मे १९७३ मध्ये या कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास गेली. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या होती ५ कोटी. म्हणजे दर दहा माणसांमागं एक माणूस, लहान मुलं आणि म्हातारी धरून, सरकारी कामावर होता. पायाला भेगा पडलेल्या बायका, झाडाला बांधलेल्या झोळीत पोर, डोक्यावर मातीची पाटी. हे चित्र जिल्ह्या-जिल्ह्यांत होतं.

एवढ्या माणसांना काम द्यायचं म्हणजे काय काय लागतं? आधी जागा ठरवायची, आखणी करायची, कुदळ-फावडी आणायची, हजेरीचं मस्टर ठेवायचं, टोळीनं किती माती उचलली ते मोजायचं, त्याप्रमाणं पैसे वाटायचे, प्यायला पाणी आणि मुलांना खाणं द्यायचं. आणि हे एका ठिकाणी नाही, तर हजारो ठिकाणी एकाच वेळी.

मुंबईतून हे झालंच नसतं. इथं दहा वर्षांपूर्वी उभी राहिलेली जिल्हा परिषद कामाला आली. गावात ग्रामसेवक होता, तालुक्याला पंचायत समिती होती, जिल्ह्याला स्वतःचे इंजिनिअर होते. महसूल, बांधकाम आणि पाटबंधारे खात्याची माणसं जोडीला होतीच. ज्याला गाव माहीत आहे त्याच्या हातात मस्टर होतं.

काम आणि नुसती हजेरी

पण माणसं कामावर आली म्हणजे काम झालं, असं होत नाही. बहात्तरच्या दुष्काळानं सरकारला ही गोष्ट चांगलीच शिकवली.

सगळ्यात सोपं काम होतं खडी फोडणं. आखणी लागत नाही, इंजिनिअर लागत नाही. दगडाचा ढीग टाकायचा, हातोडी द्यायची, संध्याकाळी खडी मोजायची. त्यामुळं खडीची कामं भरपूर निघाली. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग लागले. माणसाला मजुरी मिळत होती, पोट भरत होतं. पण पाऊस पडल्यावर त्या ढिगांचा शेताला काय उपयोग?

उलट पाझर तलाव खोदला, तर पुढच्या पावसात त्यात पाणी थांबतं. ते जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना वाढतं. नाल्यावर बांध घातला तर माती वाहून जात नाही. मजुरी तेवढीच, घाम तेवढाच, पण एका कामातून पुढच्या दुष्काळाची धार कमी होते आणि दुसऱ्यातून ढीग उरतो. म्हणून सरकारनं उत्पादक कामांवर, म्हणजे पाणी आणि माती अडवणाऱ्या कामांवर भर द्यायचं धोरण धरलं.

हे सगळीकडं जमलं असं नाही. घाईत काढलेल्या कामांची आखणी चुकली, काही तलावांत पाणी थांबलंच नाही. मजुरी वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी होत्या. मोजमापावरून भांडणं होत होती. पैसे उशिरा आले की टोळीचा हात ढिला पडायचा. त्यात मजुराचा दोष नव्हता. केलेल्या कामाचं मोल वेळेवर मिळणार नसेल तर कुणाचंही मन कामात राहत नाही, मग तो खाणीवर असो की एसी ऑफिसात.

तरीही एवढ्या भयानक दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी टळले. जगभरातल्या दुष्काळाच्या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या या कामाची दखल घेतली ती यासाठीच. नुसतं धान्य वाटण्याऐवजी काम देऊन माणसाच्या हातात पैसा पोचवला, हा त्यातला मुद्दा होता.

पागेंची कल्पना

दुष्काळी कामं दुष्काळापुरती असतात. पाऊस पडला की बंद. पण मजुराला तर दर उन्हाळ्यात काम नसतं. मग कायमची सोय का नको?

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगलीच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. काम मागणाऱ्याला काम मिळण्याची हमी असावी, ही त्यांची मांडणी. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. वसंतरावांच्या सरकारनं तो प्रयोग होऊ दिला आणि १९७२ मध्ये योजना राज्यभर नेली. दुष्काळी कामांच्या धामधुमीत ती मागं पडली, पण दुष्काळ सरल्यावर तिनं खरी पकड घेतली.

या योजनेत मजुराच्या बाजूनं एक मोठा बदल होता. काम हे सरकारनं केलेले उपकार राहिले नाहीत. माणसानं मागणी केली की ठरलेल्या मुदतीत काम द्यायचं, ही जबाबदारी यंत्रणेवर आली. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढं २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

सगळंच गोड नव्हतं

वसंतरावांच्या ११ वर्षांवर टीकाही भरपूर झाली आणि तिच्यात तथ्य होतं. मुंबईत कम्युनिस्टांच्या कामगार संघटना मोडायला त्यांनी शिवसेनेला मोकळं रान दिलं, असा आरोप झाला. विरोधक तर शिवसेनेला वसंतसेना म्हणायचे. मुंबईच्या बॅकबे रेक्लेमेशनमधल्या जमिनींच्या वाटपावरून सरकार अडचणीत आलं. विदर्भाचा मुख्यमंत्री ११ वर्षं असूनही विदर्भाचं सिंचन मागं का राहिलं, हा प्रश्न आजही विचारला जातो.

शिवाय सहकाऱ्यांना मोकळीक देण्याची एक किंमतही असते. कुणालाच दुखवायचं नाही म्हटलं की काही कटू निर्णय पुढं ढकलले जातात. काँग्रेसमधली गटबाजी वाढत गेली, महागाई वाढली आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये दिल्लीच्या इच्छेनुसार वसंतरावांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले शंकरराव चव्हाण, त्यांच्याच मंत्रिमंडळातले सहकारी. पुढच्या काही आठवड्यांत प्रोफेशनल टॅक्स लागू झाला.

१९७७ च्या निवडणुकीत देशभर काँग्रेसचं पानिपत झालं. वसंतराव मात्र वाशिममधून लोकसभेवर निवडून आले. रोजगार हमीचा कायदा लागू झालेला त्यांनी पाहिला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १८ ऑगस्ट १९७९ रोजी, सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं.

आज त्यांचा वाढदिवस, १ जुलै, महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून साजरा होतो. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम हा वेगळा जिल्हा झाला, तोही १ जुलैलाच. पोहरादेवीत आता नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय उभं आहे. २०२४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. ज्या समाजाच्या बैलांनी एकेकाळी फौजा जगवल्या त्याची गोष्ट तिथं बघायला मिळते.

वसंतरावांनी टीम सांभाळण्यावर पुस्तक लिहिलं नाही. पण त्यांच्या कामातून दोन-तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. कुठं जायचंय हे सगळ्यांना एका वाक्यात कळलं पाहिजे. जो काम करतो त्याच्या हातात निर्णय पाहिजे. केलेल्या कामाचं मोल वेळेवर मिळालं पाहिजे. आणि अधूनमधून थांबून बघायला पाहिजे की आपली माणसं तलाव खोदतायत की नुसती खडी फोडतायत.

बऱ्याच ऑफिसांत शेवटचा प्रश्न कुणी विचारतच नाही. पुढच्या महिन्यात सॅलरी स्लिपवर ते २०० रुपये दिसले की तो विचारून बघायला हरकत नाही.